शेरा : बॉडी भरीव

१

अकरा वर्षांची रुपा हगवणीनं गेली. तिच्या मरणाचा ठपका ज्याच्यावर ठेवला, त्या माणसानं वीस वर्षं आमच्या सालईडोह गावाची घाण उपसली होती. नोटिशीतलं एवढंच वाचलं आणि मी चौकशीचं काम घेतलं. माझं वय पासष्ट, रक्तदाब आहे, आणि डॉक्टरांनी संतापू नका म्हणून सांगितलंय. पण न संतापता या गावात राहायचं कसं, ते काही त्यांनी सांगितलेलं नाही.

झालं ते असं. एका मंगळवारी सकाळी सव्वादहाला भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या टापूत जमीन हलली. चार-पाच सेकंद. मांडणीवरची भांडी वाजली, शाळेतली पोरं मैदानात पळाली, आणि अर्ध्या तासात लोक त्यावर विनोद करायला लागले. कुणाच्या भिंतीला तडासुद्धा गेला नाही. मात्र रुक्मिणी नगरात भुयारी गटाराची लाइन जमिनीखाली सात जागी फुटली. शेजारून जाणाऱ्या नळाच्या पाइपात मैला शिरला. तीन दिवसांत ऐंशी माणसं आजारी पडली, चौथ्या दिवशी रुपा गेली.

आता चीड येण्यासारखी गोष्ट ऐका. नेमकं हेच होऊ नये म्हणून नगरपरिषदेनं वर्षभर आधी पुण्याच्या एका कंपनीकडून अभ्यास करवून घेतला होता. भूकंप आला तर गावातली कोणती गटारं आधी फुटतील, कोणती बदलायला हवीत, असा. गुळगुळीत कागदावर छापलेला अहवाल आला, सत्कार झाले, फोटो निघाले. त्याच्या एकोणिसाव्या पानावर हे होतं :

"रुखमिणी नगर, चेंबर क्र. २१२ ते २१८. पाइप : चिनी माती. सांधा : सिमेंट. खोली : सहा फूट. शेरा : बॉडी भरीव. धोका : कमी."

खाली बारीक अक्षरात : माहितीचा स्रोत, लाइन मुकादम संघपाल रामटेके यांची हातवही.

झालं. नगरपरिषदेला बळी सापडला. मुकादमानं खोटी माहिती भरली, म्हणून लाइन बदलली नाही, म्हणून पोरगी मेली. संघपाल निलंबित झाला. बडतर्फी आणि पोलिसात गुन्हा हे पुढचं पाऊल, त्याआधी नियमानुसार चौकशी हवी. म्हणून मी. रत्नमाला गजभिये, निवृत्त भूकरमापक. मुदत सात दिवस.

आणि ती हातवही? भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी कचेरीच्या कपाटातून गायब.

संघपाल पहिल्याच दिवशी घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"जय भीम, ताई."

"जय भीम. आत ये. बॉडी भरीव असं तू लिहिलंस?"

"नाई जी. मी कायले लिवीन? चारशे बारा चेंबर मी सोता उतरून पाहिलो. तठचा लेखी शब्द आता आठवत नाई, दोन महिने लिवूनच राहिलो होतो. पण चांगलं हाय असं नाई लिवलो, हे पक्कं." त्यानं चप्पल काढली, पण आत आला नाही. "पोट्टीच्या मातीले गेलो होतो, ताई. तिच्या बापानं मले हात लावू नाई देला."

२

कचेरीत मी तिघांचे जबाब घेतले. हातवही ज्या कपाटात होती त्या खोलीत तिघांचंच रोजचं येणं-जाणं होतं.

पहिला तेजराम, आवक-जावक लिपिक. कपाट दाखवताना तो घामाघूम झाला होता.

"किल्ली कुठंय?"

"किल्ली हरपली जी. दोन वर्सं झाले."

"मग कपाट बंद कसं करता?"

"दोरी बांधतो ना जी."

चारशे बारा चेंबरांची माहिती, पन्नास हजार वस्तीच्या गावाचं आरोग्य, आणि वर दोरी! मी गटागट पाणी प्यायले.

दुसरे परसराम, पाणीपुरवठा समितीचे सभापती. यांनी खुर्चीत बसायच्या आधीच आवाज चढवला. "बाई, तुमी त्यालेच वाचवाल, मले मालूम हाय. तुमचाच मानूस."

"माझा माणूस म्हणजे कसा, सभापती?"

ते जरा गडबडले. "म्हंजे... तुमच्या वस्तीतला."

"वस्तीत माझ्या डासही आहेत. त्यांनाही मी वाचवत नाही. लिहा जबाब."

गावात बोलवा होती की रुक्मिणी नगरचा लेआउट यांनीच पाडला. विचारलं तर कानावर हात ठेवले. "मी प्लॉट इकतो, पण ते नगर माझं नाई. कागद पाहा." मी कागद पाहायचं ठरवलं.

तिसरे नगरपरिषदेचे अभियंता कमलेश. दारावर नवीकोरी पाटी, नव्या पद्धतीनं आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव. मला बरं वाटलं. आईचं नाव मिरवणारा अधिकारी निदान माणूस असेल. चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला.

"संघपाल माणूस सोन्यासारखा आहे, मॅडम. पण शिक्षण नववी. एवढा मोठा फॉर्म, झाली असेल चूक. मी तर म्हणतो, बडतर्फी नको. सक्तीची निवृत्ती द्या, पोलीस केस टळेल."

मी वहीत 'रुक्मिणी नगर' लिहीत होते. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं आणि हसत म्हणाले, "ख लिहा मॅडम. रुखमिणी. क नाही."

काटेकोर माणूस, असं वाटलं मला. तेव्हा एवढंच वाटलं.

तिघांनाही मी एकच प्रश्न लेखी विचारला : रुक्मिणी नगरच्या लाइनीचा अहवाल छापण्याआधी तुम्ही पाहिला होता का? तिघांनी आपापल्या हातानं लिहून दिलं, नाही.

बाहेर पायरीवर एक माणूस बसला होता. दाढी वाढलेली, हातात छत्री. रुपाचा बाप, धनीराम.

"तुमी चौकशीवाल्या बाई ना जी? मले दुसरं काई नाई पाहिजे. नाव सांगा. कोणी केलं त्याचं नाव. मंग मी पाहातो."

"पाहतो म्हणजे काय करणार?"

त्यानं छत्री उचलली आणि पायरी उतरून चालू लागला. सहा दिवस उरले होते.

३

रुक्मिणी नगरला मी संघपालला घेऊन गेले. निलंबित माणसाला नेऊ नये असा नियम असेल. असो.

वाटेत करडी रोडला बोडी लागते. बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं, धानाला पाणी मिळावं म्हणून पूर्वजांनी पाळ घालून बांधलेलं. दोन म्हशी डुंबत होत्या.

फुटलेल्या चेंबरभोवती अजून काठ्या रोवलेल्या होत्या. संघपाल उकिडवा बसला आणि मला समजावायला लागला. पाइप टिकणार की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं, पाइप कशाचा, सांधा कसला, आणि खाली जमीन कोणती. इथला पाइप चिनी, म्हणजे चिनी मातीचा, बरणीसारखा. कठीण मुरमात तो शंभर वर्षं राहील. पण खालची जमीन खचली तर काडीसारखा मोडतो.

"मग फॉर्ममध्ये जमिनीचा रकाना?"

"नव्हता ना जी! पाइप, सांधा, खोली, शेरा. जमीन कोनती, ते त्यायनं पुण्यातच बसून जिल्ह्याच्या नकाशावरून लिवलं. सप्पा गाव कठीण मुरूम. मी मनीष सायबाले म्हनलो, अठी मुरूम नाई. ते म्हनले, मंग शेऱ्यात लिवा."

मनीष म्हणजे पुण्याच्या कंपनीचा अभियंता.

"इथं मुरूम नाही, तर काय आहे?"

"राखड, इटांचे तुकडे, पोतडी. भर टाकली ना." त्यानं कोपऱ्यातल्या एका मोहाच्या झाडाकडे बोट केलं. "तो मोह पाळीवर होता जी. तुमी नसान पाहिला."

मी पाहिला होता. तीस वर्षांपूर्वी त्याच मोहाखाली मोजणीची साखळी ठेवून मी डबा खाल्ला होता. तेव्हा इथं चारी बाजूंनी बांध्या, म्हणजे धानाची खाचरं होती, आणि मध्ये पाणी. निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक हक्कांच्या दफ्तरात, मीच नोंद घेतली होती : गट ८४, गुरांना पाणी पिण्यासाठी राखीव. पुढं माझी बदली झाली. निवृत्त होऊन परत आले तोवर इथं घरं उभी होती, आणि मला जागा ओळखू आली नव्हती.

"संघपाल, इथं पाणी होतं ते... आपण काय म्हणायचो त्याला?"

"बोडी," तो म्हणाला. "बोडी होती ना जी. दहा वर्सं झाले भरली."

मी छत्री टेकून तिथंच दगडावर बसले. बोडी भरली. खड्डा भरतात तशी भरली. त्यानं शेऱ्यात हेच लिहिलं होतं, दोन शब्द. छापताना त्याचं झालं होतं, बॉडी भरीव.

सगळ्यात पोकळ जमिनीला पुण्यात कुणीतरी सगळ्यात पक्का पाइप करून टाकलं होतं.

४

मनीषला फोन लावला. पोरगा बिचारा प्रामाणिक निघाला. मी त्याला संघपालचे ते दोन शब्द सांगितले.

"मॅडम, आमच्या टायपिस्टला वाटलं पाइपची बॉडी. बोडी हा शब्दच आम्हाला... मी विचारायला हवं होतं."

"हवं होतं."

"मान्य आहे. मी लेखी देतो. फक्त एक सांगू का? असे स्थानिक शब्द चुकतील म्हणूनच आम्ही हातवही परत पाठवली तेव्हा सोबत प्रूफही पाठवलं होतं. नगरपरिषदेनं तपासून द्यायला. लाल शाईच्या दुरुस्त्या होऊन ते परत आलं. तसंच छापलं आम्ही."

प्रूफ! कचेरीत तिघांनी मला लिहून दिलं होतं की छापण्याआधी अहवाल कुणी पाहिलाच नाही.

"कुणी तपासलं होतं?"

"सही नाही त्यावर. पण पानं आहेत माझ्याकडे. आत्ता पाठवतो."

पुतणीकडून ती पानं छापून आणली आणि जेवणाच्या टेबलावर मांडली. तपासणाऱ्यानं कुचराई केली नव्हती. 'डिघोरी नाका' होतं, त्याचं 'दिघोरी' केलं. 'आंबगड चौक'चं 'आंबागड' केलं. आणि सातव्या पानावर, चेंबर क्रमांक ४१, छापलं होतं 'करडी रोड, बॉडीच्या पाळीजवळ'. तिथं चंद्र खोडून लाल शाईत ठळक केलं होतं, बोडीच्या.

मी चष्मा पुसला. म्हणजे पुण्याचा टायपिस्ट बोडीला बॉडी म्हणतो हे तपासणाऱ्याला सातव्या पानावरच कळलं होतं. मग एकोणिसावं पान. सात चेंबर, सात ओळी, सात वेळा 'बॉडी भरीव'. लाल शाईचा एक ठिपका नाही.

पुण्याच्या पोरानं चूक केली ती नकळत. याला मात्र चूक दिसली होती. जिथं म्हशी डुंबतात ती बोडी त्यानं सुधारली, आणि जिच्यावर माणसं झोपतात ती तशीच ठेवली. रक्तदाबाची गोळी घ्यायचीही शुद्ध राहिली नाही.

त्याच पानावर एक दुरुस्ती होती खरी, अगदी वर. छापलं होतं 'रुक्मिणी नगर'. क आणि मचं जोडाक्षर खोडून लाल शाईत लिहिलं होतं, रुखमिणी.

मी तिन्ही जबाब शेजारी ठेवले. सभापतींच्या जबाबात 'रुक्मिणी नगर', तेजरामच्या जबाबात 'रुक्मिणी नगर'. नगराच्या फलकावरही क्मच आहे. सगळं गाव तसंच लिहितं. तिसऱ्या जबाबात ख होता. आणि त्याची पहिलीच ओळ होती : मी, कमलेश रुखमिणी गणपत निखाडे...

आईचं नाव कुणी चुकीचं लिहिलेलं कुठल्या लेकाला खपेल?

सकाळी तेजरामला लेआउटची फाइल मागितली. मंजुरी कुणा चौथ्याच्याच नावावर. "हा कोण?"

तेजरामनं दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "कमलेश सायबाचे साळे होत जी."

५

सातव्या दिवशी दुपारी सभागृहात सुनावणी ठेवली. मुख्याधिकारी मॅडम, तिघे जबाब देणारे, संघपाल. धनीरामला मी मुद्दाम बोलावलं होतं. त्याला मागच्या बाकावर बसा म्हणाले, तो पुढे येऊन बसला.

"निखाडे साहेब, प्रूफ तुम्ही पाहिलं नव्हतं?"

"लिहून दिलंय, मॅडम."

मी प्रूफचं एकोणिसावं पान त्यांच्यापुढं ठेवलं, शेजारी त्यांचा जबाब. ख वर बोट ठेवलं. त्यांनी पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांचं हसू थोडं मागं सरलं.

"ख लिहिणारे शंभर असतील गावात."

"असतील. पण या कचेरीत प्रूफ हाती येईल अशी तीन माणसं आहेत. दोघं क्म लिहितात."

मग मी सातवं पान ठेवलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हशींची बोडी आधी, माणसांची नंतर. सभापती परसरामसुद्धा खुर्चीत पुढं सरकून पाहायला लागले आणि त्यांनी एक शिवी हासडली. शिव्या देण्याच्या बाबतीत त्यांचं-माझं इतकं एकमत यापूर्वी कधी झालं नसेल.

"मॅडम, एका मात्रेची चूक आहे हो," कमलेश म्हणाले. आवाज चिरकला होता. "अडीचशे पानं, कामाची गडबड. नजरेतून सुटलं माझ्या."

मी लिहून घेतलं. "नजरेतून सुटलं. म्हणजे नजर टाकली होती."

त्यांनी जबाबाचा कागद पुन्हा स्वतःकडे ओढला.

"सुटलं नाही, साहेब. तिथं बोडी लिहिलं असतं तर निस्ताराची बोडी कुणी बुजवली ते निघालं असतं, लेआउट रद्द झाला असता. आईच्या नावाचा ख तेवढा सुधारलात आणि खालच्या सात ओळी सोडल्यात. जमीन हलली तेव्हा संघपालचं अक्षर सापडू नये म्हणून दोरी सोडून हातवही नेलीत, आणि वर मला सांगता की नववी शिकलेल्यानं घोळ केला! या खोलीत घोळ न केलेला माणूस एकच आहे, आणि तो नववी शिकलेला आहे." माझा आवाज फार वर गेला होता. जाऊ दे गेला तर. "हातवही कुठंय?"

ती हातवही आजतागायत सापडलेली नाही. जाळली असावी. पण मनीषचा लेखी कबुलीजबाब, प्रूफ आणि तीस वर्षांपूर्वीचं निस्तार पत्रक एवढं पुरेसं झालं. मुख्याधिकारी मॅडमनी तिथल्या तिथं संघपालचं निलंबन मागं घेतलं आणि पोलिसांना फोन लावला.

मला धनीरामची धास्ती होती. तो उठला. कमलेशकडे त्यानं पाहिलं, पण नुसतं, वाटेत पडलेल्या दगडाकडे पाहावं तसं. मग तो संघपालसमोर जाऊन उभा राहिला.

"तू खरंच लिवला होतास? अठी बोडी भरली म्हनून?"

"हाव गा. लिवलो होतो."

"मी बाहेरगावचा, दिघोरीचा. खाली बोडी हाय हे मले मालूम नव्हतं. मालूम असतं त मी प्लॉट घेतलो नसतो." तो एक पाऊल पुढं सरकला. "तू माया घरासमोरच्या चेंबरात उतरला होतास ना? रुपानं तुले पानी आनून देलं होतं. लोट्यात."

संघपालनं मान हलवली.

"मंग मले काहून नाई सांगितला? वहीत लिवला. पुन्यावाल्यायले सांगितला. मी पाच हातावर उभा होतो ना गा! मले तोंडानं काहून नाई सांगितला?"

खरं सांगते, तो प्रश्न मलाही लागू होता. मीही लिहिलंच होतं ना, गट ८४, सुवाच्य अक्षरात. मोठ्या समाधानानं सही ठोकली होती. दफ्तरात नोंद झाली की काम झालं, असं नोकरीभर मानत आले. ज्याच्या घराखाली बोडी आहे त्याला सांगायचं कुणाचं काम, हा रकाना माझ्याही फॉर्ममध्ये नव्हता.

धनीराम छत्री घेऊन निघून गेला.

नवा अहवाल येईल तेव्हा येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला संघपाल माझ्या दारात आला. यावेळी उंबऱ्याबाहेर थांबला नाही.

"ताई, त्या दफ्तरात गावातल्या सप्पा जुन्या बोड्या असतीन ना?"

"असतील. का?"

"नकला काढा. आपन जाऊन येऊ."

एकूण नऊ निघाल्या. चार अजून पाण्याच्या, पाच भरलेल्या. पहिलं घर चंद्रभागाबाईंचं होतं, त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. संघपालनं टोपी काढली. कागद त्यानं पिशवीतच ठेवला.

"माय," तो म्हणाला, "बसून ऐका. तुमच्या घराखाली बोडी हाय."